झाडांना पाणी घालायला दिलेली किल्ली

कुणाच्याही दारात गेलो की बेल दाबायच्या आधी मी चपला मोजतो. पंचवीस वर्षं घरं दाखवायचा आणि विकून द्यायचा धंदा केल्यावर ही खोड लागली, ती आता देवळाच्या पायरीवरही जात नाही. शाळेचे बूट दिसले की समजायचं, हे घर अजून आठ-दहा वर्षं हलत नाही. बुटांच्या जागी कॉलेजातल्या पोरांचे सँडल आले की चार वर्षं. आणि बाईमाणसाच्या चपलांचा एकच जोड, तोही रबराचा, टाचेला झिजलेला दिसला की ते घर डोक्यात टिपून ठेवायचं आणि वरचेवर तिथून चक्कर मारायची. दोरीवरचे कपडे, दुधाच्या पिशव्या, गॅसची टाकी किती दिवसांनी बदलते, सगळं आम्ही असंच वाचतो. सरकारची जनगणना होईल तेव्हा होईल. माझ्या भागातल्या कुठल्या घरात किती माणसं उरलीत, हे मला तोंडपाठ असतं.

ह्याचा मला अभिमान होता. 'होता' हा शब्द मी विचार करून लिहिला आहे.

मी मूळचा कवठे महांकाळकडचा, वय त्रेपन्न. सांगली आणि मिरज ह्यांच्या मधल्या पट्ट्यात, मोठ्या रस्त्यापासून थोडी आत एक जुनी कॉलनी आहे. पाच गल्ल्या, बसकी घरं, प्रत्येक घरापुढं पायरी आणि मागं एक सुटी खोली. तिथंच माझा बहुतेक धंदा झाला. नाव लिहीत नाही, तिथले लोक मला अजून रोज भेटतात.

ही कॉलनी वसली तेव्हा गावाच्या टोकाला होती. आता दोन्ही गावं वाढून तिच्या अंगावर आली आणि ती मधोमध सापडली. तिथं प्लॉट घेणारे बहुतेक कृष्णाकाठचे शेतकरी, त्यांत जैन घरं जास्त. ऊस बरा पिकला की त्या पिढीतला माणूस गावात माडी चढवायचा नाही. सांगलीत घर बांधायचा, पोरांच्या शाळेसाठी. मात्र स्वतः तिथं राहायचा नाही. शेती, जनावरं, भाऊबंद गावात, म्हणून तो गावात. बायको आणि पोरं सांगलीत. शनिवारी संध्याकाळी तो मोटारसायकलवर दुधाचा कॅन, ज्वारी, भाजी घेऊन यायचा आणि सोमवारी पहाटे परत जायचा. म्हणजे आठवड्याचे पाच दिवस ही बायकांची आणि पोरांची कॉलनी असायची. गावात ज्यांनी कधी लाईटचं बिल हातात धरलं नव्हतं, त्या बायका इथं बँकेत भांडायला शिकल्या. मागच्या खोलीत कॉलेजची पोरं भाड्यानं ठेवून त्यांनी घरखर्च चालवला.

घर मात्र त्यांच्या नावावर नसायचं. नवऱ्याच्याही नसायचं. एकत्र कुटुंबातल्या भावांनी उद्या हिस्सा मागू नये, म्हणून घर थेट शिकणाऱ्या पोराच्या नावावर घ्यायची इथं पद्धतच होती. पोरगं तिसरीत, आणि घराचा मालक.

पोरं शिकली. शिकण्यासाठीच सगळं केलं होतं, तेव्हा ती पुण्याला, बेंगळूरला, परदेशात गेली. नवरे गावात म्हातारे झाले, काही गेले. बायका इथंच राहिल्या. त्यांची बस्ती, म्हणजे जैन मंदिर, त्यांचा डॉक्टर, दुपारच्या पत्त्यांच्या डावातल्या मैत्रिणी, सगळं इथं. चपलांचे जोड कमी होत एकावर आले आणि माझा धंदा जोरात चालू लागला. नदीकाठच्या गल्ल्यांत दोनदा-तीनदा पुराच्या पाण्यात बसलेले लोक उंचावर घर शोधत होते. मिरजेच्या दवाखान्यांतल्या सिस्टर, ब्रदर, एक्स-रेवाले ड्यूटीला जवळ म्हणून बघत होते. बिल्डरना दोन लागोपाठचे प्लॉट हवे होते.

गिऱ्हाइकं एकेक नमुने असतात. एकजण घरात शिरल्याबरोबर सगळे नळ सोडून द्यायचा आणि कानाला हात लावून उभा राहायचा. एकानं होकायंत्र आणलं होतं, त्यानं संडासात उभं राहून मला उत्तर कुठं ते विचारलं. पण माझ्या सगळ्यात लक्षात राहिली ती एका जावयाची सासू. घर बघायला सगळे खोल्या फिरत होते, ही स्वयंपाकघरात पाटावर गप्प बसून. अर्ध्या तासानं उठली आणि म्हणाली, "घ्या. इथनं कुकरची शिट्टी शेजारणीला ऐकू जातीया."

जावई हसला. "अहो आई, आवाज बाहेर जायला नको."

"तुमाला न्हाई कळायचं," ती म्हणाली. "एक दिस शिट्टी न्हाई ऐकू आली की ती बघायला येतीया."

ही गोष्ट मी बऱ्याच जणांना हसत सांगितली आहे.

आता धंद्यातले दोन नियम सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर आहे. पहिला नियम, भरलेलं घर लवकर विकलं जात नाही. कोपऱ्यात खाटेवर म्हातारं माणूस बसलेलं असलं की गिऱ्हाईक बुजतं, कपाट उघडत नाही, भिंतीवर टकटक करत नाही, दहा मिनिटांत चहा नको म्हणून पळतं. म्हणून मी घरमालकाला, म्हणजे लांब राहणाऱ्या मुलाला सांगायचो, "आईवडिलांना महिना-दोन महिने कुठंतरी हवापालटाला न्या. मग बघा." दुसरा नियम, किल्ली. आमच्यात लेखी करार नंतर होतो, कधी होतही नाही. घरातल्या माणसानं स्वतःच्या हातानं किल्ली आणून दिली, म्हणजे घर विकायला दिलं. ते इतकं पक्कं की त्यावर पुन्हा प्रश्न विचारणं हा अविश्वास समजतात.

तिसऱ्या गल्लीतल्या कुसुमअक्का मला माझ्या धंद्याच्या पहिल्या वर्षापासून ओळखत होत्या. त्यांच्या मागच्या खोलीत मी कितीतरी पोरं आणून ठेवली. बुटक्या, तुरुतुरु चालणाऱ्या, तोंडानं फटकळ. नवरा, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, सहा वर्षांपूर्वी गावी वारले. त्यानंतरही अण्णांच्या जाड कातडी चपला अक्कांनी दारात तशाच ठेवल्या होत्या. नवीन माणसाला वाटावं, घरात पुरुष आहे. रोज सकाळी त्या फडक्यानं पुसायच्या. मी हिशेबात तो जोड धरत नसे.

मुलगा अभय पुण्यात. गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्याचा फोन आला. त्याला तिथं मोठं घर घ्यायचं होतं, सांगलीचं विकायचं होतं.

मी विचारलं, "अक्कांचं काय?"

"आईशी बोललोय मी. तयार आहे ती."

आणि मी माझा पहिला नियम सांगितला. भरलेलं घर विकलं जात नाही. त्यांना थोडे दिवस कुठंतरी ठेवा.

अक्कांच्या गुडघ्याचं ऑपरेशन मिरजेला नुकतंच झालं होतं. दोन आठवड्यांनी त्या काठी टेकत माझ्या ऑफिसात आल्या. ऑफिस म्हणजे एक गाळा, दोन खुर्च्या आणि कॅलेंडर.

"दिलीप, मी गावाकडं चालली. अभय म्हणतोय, गुडघा बरा हुईस्तोवर दिराकडं ऱ्हा. जाऊ हाय, पोरीबाळी हायत करायला." त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि किल्ली टेबलावर ठेवली. "ही घे. कुंड्यांस्नी पाणी घालत जा. एक दिसाआड घातलंस तरी चालंल. जास्वंदीला जरा जास्ती."

मी "हो" म्हटलं. मनात म्हटलं, आली किल्ली.

पाण्याचं त्या बोलल्या ते मला अगदी नीट ऐकू आलं होतं. पण घर देणारी बहुतेक म्हातारी माणसं तसंच काहीतरी बोलतात. देवाला दिवा लाव, मांजराला भाकरी टाक. घर विकतो आहोत हा शब्द तोंडातून निघत नाही, म्हणून असं बोलतात, अशी माझी ठाम समजूत होती. आडपडद्यानं दिलेली परवानगी ओळखता येणं, हीच तर आमची हुशारी. अक्कांना मी एवढंच विचारायचं होतं: घर विकायचंय, ठाऊक आहे ना? पाच शब्द. मी विचारले नाहीत.

त्या गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी घर 'तयार' केलं. अण्णांच्या चपला उचलून भिंतीतल्या कपाटात टाकल्या. जैन घरांत नळाला पाणी गाळायचं फडकं बांधलेलं असतं, ते सोडलं, कारण नवीन माणसाला ते मळकट वाटतं. पुढच्या पायरीवरच्या चौदा कुंड्या मागच्या खोलीच्या भिंतीला नेऊन एकावर एक रचल्या. पुढचं मोकळं दिसायला लागलं. मोकळं दिसलं की दोन फूट जास्त वाटतं.

घर मी कितीतरी वेळा उघडलं. शेवटी मिरजेच्या एका दवाखान्यात ब्रदर असलेला प्रवीण आणि तिथंच सिस्टर असलेली त्याची बायको स्वाती ह्यांना पसंत पडलं. सोबत त्याचे आईवडील आणि दोन मुलं. चांगली माणसं. इतकी वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढलेली. अभय पुण्याहून आला, सही केली, त्याच दिवशी परत गेला. सामान टेम्पोनं पुण्याला नेतो म्हणून त्यानं सांगितलं. मी माझ्या कामाला लागलो.

मे महिन्यात एका दुपारी अक्का ऑफिसात आल्या. काठी नव्हती. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात शेवग्याच्या शेंगांची जुडी.

"ह्या तुला," त्यांनी जुडी टेबलावर ठेवली. "पाणी घालत हुतास न्हवं इतकं दिस. कुंड्या मागं सावलीत न्हेल्यास वाटतं." आणि खुर्चीत बसून पदरानं वारा घेत म्हणाल्या, "पर गड्या, दारात कुणाच्या रं एवढ्या चपला? सा जोड मोजलं मी. पोरं ठिवलीस व्हय माझ्या घरात? मला इचारायचं तरी."

माझ्या मनात पहिला विचार काय आला ते सांगतो, कारण त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मला वाटलं, अक्का विसरायला लागल्या. वय झालं.

मी समजावणीच्या सुरात म्हणालो, "अक्का, आवं, घर विकलंय न्हवं."

"कुणाचं?"

"तुमचं."

त्या हसल्या. "चेष्टा करू नगंस. किल्ली दे, ऊन लय झालंय."

मी हसलो नाही. त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. पंचवीस वर्षं लोकांची तोंडं वाचणारा मी, त्या दिवशी कुणीतरी माझं तोंड वाचत होतं. त्यांचा वारा घेणारा हात थांबला. रस्त्यावर कुल्फीवाल्याची घंटा वाजत होती. ती लांब गेली.

मग त्यांनी विचारलं, "झाडांस्नी पाणी घातलंस का?"

मी एवढ्या वेळा ते घर उघडलं होतं. नळ सोडून दाखवले होते, पाण्याला किती जोर आहे ते सांगितलं होतं. एकदाही, एक तांब्याही मी घातला नव्हता.

"न्हाई," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, जणू उरलेलं सगळं त्यातूनच कळलं. "अभयला फोन लाव," म्हणाल्या.

मी लावून त्यांच्या हातात दिला आणि बाहेर जायला उठलो, तर त्यांनी बोटानं खाली बस म्हटलं. पलीकडून अभय काय बोलत होता ते मला अर्धवट ऐकू येत होतं. सांगणारच होतो, गुडघा बरा झाल्यावर सांगणार होतो, तिथं एकटीला कशाला, पुण्यात तुझी खोली केलीय. अक्का ऐकत राहिल्या. त्याचं संपल्यावर म्हणाल्या, "तू मला इचारलं असतंस, तर मी व्हय म्हटलं असतं रं. तुझंच घर हाय. माझा जीव काय घरात न्हाई." मग, "पर इचारायचं हुतंस."

फोन ठेवला. मी पाणी पुढं केलं, ते त्यांनी घेतलं नाही. गाळलेलं नव्हतं.

मी त्यांना माझ्या घरी घेऊन गेलो. बायकोनं, सुरेखानं, काही न विचारता दिवस मावळायच्या आत त्यांना जेवायला वाढलं, कारण अंधार पडल्यावर त्या खात नाहीत हे तिला माहीत होतं. अक्का आतल्या खोलीत जाऊन आडव्या झाल्यावर तिनं मला विचारलं. मी सगळं सांगितलं. ती शेंगा निवडत होती.

"आख्ख्या कॉलनीच्या चपला मोजता," ती म्हणाली. "एका बाईला तोंड उघडून विचारता आलं नाही?"

दुसऱ्या दिवशी मी ओळखीच्या वकिलाकडं गेलो. त्यानं कागद उलटसुलट बघितले आणि म्हणाला, "चोख आहे. मालक मुलगा, सही मुलाची. तुमची काय चूक ह्यात?" मी म्हटलं, चूक आहे. तो म्हणाला, "कागदात नाही." मला त्या वाक्यानं हादरा बसला. काहीतरी खोट निघेल, कुठंतरी बोट ठेवता येईल, अशी मी रात्रभर आशा करत होतो. एक बाई चाळीसेक वर्षं जिथं राहिली, जिथं तिनं पोर वाढवलं, तिथून तिला काढून टाकलं, आणि कुठंच काही चुकलेलं नव्हतं.

प्रवीणकडं गेलो. तो बिचारा पांढरा पडला. "काका, आम्ही कर्ज काढलंय. आमचा काय दोष?" त्याचा काहीच दोष नव्हता. स्वाती दारात उभी राहून ऐकत होती. ती फक्त म्हणाली, "त्या काल दुपारी पायरीपाशी उभ्या होत्या. मला वाटलं, कुणाचा पत्ता शोधतायत. मी हात करून पुढची गल्ली दाखवली."

तेवढ्यावर हे प्रकरण संपलं असतं, तर एक चूक झाली म्हणून मी कधीतरी निवांत झालो असतो. पण मला झोप लागेना. हवापालटाला पाठवा, हे मी एकट्या अभयला सांगितलं नव्हतं. मी विकलेली घरं एकेक आठवू लागलो. कुठल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी मी समोरासमोर बोललो होतो? आठवेना. सगळ्या मुलांचे आवाज आठवत होते, फोनवरचे.

पहिल्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर होते. मोडी लिपीतली जुनी कागदपत्रं वाचून द्यायचे. त्यांचं घर मी दोन वर्षांपूर्वी विकलं. ते साताऱ्याला मुलीकडं असतात असं कळलं, म्हणून एक दिवस एसटीनं गेलो. काय बोलणार होतो, मलाच ठाऊक नव्हतं. मास्तर गॅलरीत उन्हाला बसले होते. मला बघून त्यांचा चेहरा एवढा उजळला की मी दारातच घुटमळलो.

"दिलीपराव! या या. झालं का हो?"

"काय मास्तर?"

"रंगकाम! किती दिवस चालवलंय रंगाऱ्यानं? पुस्तकांच्या खोलीला हिरवा नको, हे सांगितलंत ना त्याला?"

त्यांच्या मागं, आतल्या दारात, मुलगी उभी होती. तिनं दोन्ही हात जोडले, माझ्याकडं बघून मान हलवली. नका सांगू.

मी म्हणालो, "चाललंय. पांढराच देतोय."

"मग हरकत नाही," मास्तर म्हणाले. "घाई नको. दोन हात नीट बसू देत."

परत येताना कऱ्हाडपर्यंत मी खिडकीला डोकं टेकून बसलो होतो. शेजारच्या माणसानं विचारलं, "गाडी लागती काय पाव्हणं?" मी हो म्हटलं. मास्तरांचं ते घर बिल्डरनं पाडलंय. तिथं आता चार मजली इमारत उभी आहे आणि वरचे दोन फ्लॅट मीच विकलेत.

त्यानंतर मी कुणाकडं गेलो नाही. जायचं धैर्य झालं नाही, हे खरं.

अक्का महिनाभर आमच्याकडं होत्या. मधे अभय आला, त्यांना पुण्याला घेऊन गेला. पंधरा दिवसांत त्या परत आल्या. भांडण झालं नव्हतं. "सूनबाई चांगली हाय," म्हणाल्या. "पर तिथं बाराव्या मजल्यावर बसून काय करू? खाली माणसं मुंग्यांवानी दिसत्यात. कोण कुणाचं कळतच न्हाई." मग सुरेखाला हळूच म्हणाल्या, "पत्त्यांच्या डावात चौथा भिडू पायजे असतोय. त्या तिघी खोळंबल्यात."

त्यांच्यासाठी खोली शोधायला मी कॉलनी पालथी घातली. आणि तेव्हा मला धंद्यातली आणखी एक गोष्ट समजली, जी इतकी वर्षं मी दुसऱ्या बाजूनं बघत होतो. एकट्या म्हातारीला कुणी खोली देत नाही. आजारी पडली तर काय, पडली तर काय, गेली तर काय. "दिलीप, कॉलेजची पोरं आण की," सगळे म्हणायचे. जी माणसं शेजारच्या दारातल्या चपला एका जोडावर आल्या की मला फोन करायची, ती ह्या एका जोडाला दारात उभं करेनात.

शेवटी स्वातीचा फोन आला. "काका, आमची मागची खोली रिकामीच आहे. त्या येतील का? मला विचारायला कसंतरीच होतंय."

मी अक्कांना सांगितलं. मला वाटलं, अपमान वाटेल. त्यांनी कमरेची पिशवी चाचपली. मग म्हणाल्या, "भाडं किती म्हणती ती?" आणि आकडा ऐकून, "लय हाय. त्या खोलीत गळतंय. मीच कमी घेत हुते."

भाडेकरू ठेवला की त्याची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची असते. तो फॉर्म मी आजवर शेकड्यांनी भरलेत, न बघता. ह्या वेळी मी माझ्या गाळ्यात अक्कांसमोर बसून भरत होतो. नाव. वय. माहिती देणारा. भाड्यानं घेतलेल्या जागेचा पत्ता लिहिला, तिसरी गल्ली, घराचा नंबर. खालची ओळ होती, भाडेकरूचा कायमचा पत्ता.

"अक्का, कायमचा पत्ता काय लिहू? गावचा लिहू का?"

"गावात मी लग्नानंतर सात वर्षं ऱ्हायले," त्या म्हणाल्या. "हितला लिही की."

मी लिहिला. ठाण्यात हवालदारानं कागद बघितला, दोन ओळींवर पेन आपटलं. "काय दिलीपराव, एवढ्या वर्षांनी फॉर्म चुकवला? एकच पत्ता दोनदा टाकलाय."

"तसाच आहे साहेब," मी म्हणालो.

"असं कसं असंल?"

मी फॉर्म त्याच्यापुढं सरकवला. त्यानं खांदे उडवले आणि शिक्का मारला.

सामान फारसं नव्हतंच. रविवारी सकाळी मी आणि प्रवीणनं ट्रंक आणि कॉट आत लावली. पुढच्या घरातल्या भिंतीतल्या कपाटाच्या तळातून मी अण्णांच्या चपला शोधून आणल्या आणि खोलीच्या दारात ठेवल्या. अक्कांनी त्या बघितल्या. पायानं जरा सरळ केल्या. मग आत जाऊन पिशवीतून पांढरं फडकं काढलं आणि नळाला बांधलं. भिंतीला लागून, मी रचल्या होत्या तशाच, एकमेकींवर चढलेल्या चौदा कुंड्या. माती भेगाळलेली, काटक्या वाळलेल्या. त्यांनी एकेक उतरवली. जास्वंदीच्या काटकीला नखानं खरवडलं. आत किंचित हिरवं होतं.

प्रवीणनं खोलीसाठी नवं कुलूप आणलं होतं. त्याला दोन किल्ल्या. धंद्याचा रिवाज असा की एक किल्ली भाडेकरूची आणि एक माझ्याकडं राहते, अडीअडचणीला. त्यानं दोन्ही अक्कांच्या हातात दिल्या, आणि मी, इतकं सगळं होऊन गेल्यावरही, सवयीनं हात पुढं केला.

अक्कांनी माझ्या हाताकडं बघितलं. दोन्ही किल्ल्या कमरेच्या पिशवीत टाकल्या, नाडी आवळली. मग पायरीवर बसल्या, गुडघा सरळ केला आणि नळाखालच्या बादलीकडं बोट केलं.

"घाल आता पाणी," त्या म्हणाल्या. "मी बघत बसते."